उजवीकडे पाहणारी मैना

१

शालिग्राम उंबरकर दुकान सोडून कुणाच्या दारी जात नसत. काम असलं की लोकांनी सराफ्यात यावं, गादीसमोर बसावं, ही त्यांची रीत. त्यामुळे भर दुपारी ते घमापुरातल्या पिठाच्या गिरणीवरचा अरुंद जिना चढून धापा टाकत दारात उभे राहिले, तेव्हा गीतांजलीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कुणीतरी गेलं.

"बसा भाऊ. पाणी देऊ?"

ते बसले नाहीत. खिशातला मोबाइल काढून त्यांनी तिच्या टेबलावर ठेवला.

काचेमागे काळ्या मखमलीवर मांडलेला सोन्याचा हार. मधल्या पदकावर एक मैना, मान मागे वळवलेली आणि चोचीत डहाळी. गीतांजलीने ती तत्काळ ओळखली. सगळा हिवाळा तिने याच मैनेमागे घालवला होता.

"हा हार तुम्ही घडवून घेतला?" तिने विचारलं.

"मी काहून घडवू? सदरमधल्या त्या नव्या शोरूमच्या काचेत लागला आहे. काल इंदूने पाहिला." त्यांचा आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. "बेबीताईच्या जुन्या डिझाइनचा संग्रह आम्ही अक्षय्य तृतीयेला काढून राहिलो. पत्रिका छापून झाल्या, पत्रिकेवर हीच मैना आहे. आता लोक म्हणतील, उंबरकरांनी नक्कल मारली."

"तुम्हाला कुणावर शंका आहे?"

"मूळ कागद तर टाकी फुटली त्या पाण्यात केव्हाच गेले. आता ही मैना दोनच जागी आहे मॅडम. तुमच्या या डब्यांत, आणि आमच्या कारागीर दिवाकरच्या डोक्यात. तो हार त्यानेच घडवला होता, माझ्या नि इंदूच्या लग्नात. त्याला मी काल घरी बसवलं. तोंडातून एक शब्द काढला नाही त्याने." त्यांनी मोबाइल उचलला. "एक तर दिवाकर, नाहीतर तुमचं ऑफिस. सोमवारी मी ठाण्यात तक्रार देतो. त्याआधी तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा."

ते जिना उतरून गेले. खाली गिरणी सुरूच होती आणि टेबल नेहमीसारखं थरथरत होतं. तो फोटो पाहताना गीतांजलीला काहीतरी खटकलं होतं.

२

गीतांजली देशकर पन्नाशीला आली होती. नवरा आनंद रेल्वेत, इटारसीला; तो रविवारपुरता घरी यायचा. ती सराफांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. दागिन्यांची चित्रं साठवायची, गिऱ्हाइकाला पडद्यावर दाखवायची, एवढंच त्याचं काम. पोट भरायचं, पाठ दुखायची.

दिवाळीनंतर शालिग्रामभाऊंनी तिला एक सीडी दिली होती. त्यांची मोठी बहीण बेबीताई तरुणपणी दुकानासाठी डिझाइनं काढायची. तेव्हा घेतलेल्या एका स्कॅनरने ती चित्रं आपल्याच कुठल्याशा पद्धतीच्या फाइलींमध्ये साठवली होती. तो स्कॅनर बनवणारी कंपनी बुडाली, ज्या कॉम्प्युटरवर त्या फाइली उघडायच्या तो भंगारात गेला, आणि उरली ती एक सीडी, जिच्यातलं काहीच कुठे उघडेना. "तुमच्या सॉफ्टवेअरात या उघडून द्या," भाऊ म्हणाले होते, जसं कुलपाला किल्ली करून द्या म्हणावं.

फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची माळ. एका ओळीत ठिपके किती, ओळ कुठल्या बाजूने सुरू होते, काळा कुठला आणि पांढरा कुठला, हे ठाऊक असलं की माळेचं चित्र होतं. नसलं तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. ते सांगणारं पुस्तक जगात कुठे उरलं नव्हतं. गीतांजली आणि तिच्या हाताखालची प्रणाली, दोघी मिळून अंदाज बांधत, चुकत, पुन्हा बांधत राहिल्या. आणि जानेवारीतल्या एका संध्याकाळी मुंग्या हलल्या नि ही मैना पडद्यावर आली. एकटीच, बाकीच्या फाइली तेव्हा उघडतच नव्हत्या.

तो दिवस चांगला गेला. गीतांजलीने मैनेचा एक प्रिंट काढला, आणि घरी जाताना वाट वाकडी करून मदन महल स्टेशनामागे राहणाऱ्या बेबीताईंना तो नेऊन दिला. बेबीताईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, पुष्कळ वेळ पाहिला. "माझीच आहे," म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

पुढच्या आठवड्यात शालिग्रामभाऊंच्या मुलाने, यशोधनने, आईच्या लग्नातला फोटो पाठवला आणि चूक कळली. फोटोत इंदूवहिनींच्या गळ्यातली मैना डावीकडे पाहत होती, पडद्यावरची उजवीकडे. तो स्कॅनर प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे लिहायचा. ह्या दोघी ती डावीकडून वाचत होत्या. प्रणालीने ते दुरुस्त केलं. मग बाकीच्या फाइलीही एकेक करून उघडत गेल्या, सगळ्या सरळ, आणि सगळा संग्रह यशोधनकडे गेला.

फोटोत आज खटकलं ते हेच. शोरूमच्या काचेतली मैना उजवीकडे पाहत होती. पण मोबाइल कधी कधी फोटो उलटा करतात, म्हणून ती भाऊंसमोर बोलली नव्हती.

प्रणाली डबा धुऊन आत आली. गीतांजलीने तिला सगळं सांगितलं.

"दीदी, तुम्हाला मी वाटते का?" प्रणालीने सरळ विचारलं.

"मला काही वाटून नाही राहिलं अजून. तू कुणाला ती चित्रं दाखवलीस का?"

प्रणालीने डबा टेबलावर ठेवला. "मी सांगणारच होते. गेल्या महिन्यात पुण्याला इंटरव्ह्यू दिला मी. दागिन्यांचं ॲप आहे त्यांचं. त्यांनी विचारलं, काय काम केलंय, तर मी दाखवली."

"कुठली?"

"सगळीच."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सराफ्यात गेली. भाऊ अजून यायचे होते. गादीमागच्या खोलीत दिवाकरची बैठक रिकामी होती. शेगडी विझलेली, चिमटे आणि हातोड्या कापडात गुंडाळून कुणीतरी कोपऱ्यात ठेवलेल्या. गीतांजलीला तिकडे पाहवलं नाही.

यशोधन पंचविशीतला, मराठी कळायची सगळी, बोलताना हिंदीत घसरायचा. "ताई, पापाजी कुछ भी बोलते हैं. दिवाकरकाका असं करणार नाही."

"मग कुणी केलं?"

"मला काय माहीत."

"त्या शोरूमवाल्यांना तू ओळखतोस?"

तो काउंटरवरची काच पुसू लागला. मग म्हणाला, "गेलो होतो मी तिथे. नोकरीसाठी. पापाजींना सांगू नका. इथे मी सव्वीस वर्षांचा होऊन गेलो, तरी गिऱ्हाइकासमोर भाव बोलायची परवानगी नाही. त्यांनी विचारलं, आपल्या दुकानाचं काही दाखवशील का. मी उठून आलो. सच में, उठून आलो."

"संग्रह तुझ्या मोबाइलमध्ये होता तेव्हा?"

"होता ना. पूरा."

म्हणजे ज्यांच्याकडे सगळी चित्रं होती असे दोघे, आणि दोघांनाही दुकानातून, ऑफिसातून निघायची घाई. गीतांजलीला दोघांचाही राग आला नाही. तिच्या वयाला निघून जाणाऱ्यांचा राग यायचा थांबतो.

"आईचा तो हार इथे आहे का?" तिने विचारलं.

यशोधनने तिजोरी उघडली. हार आजही झळझळीत होता. मैना डावीकडे मान वळवून बसलेली. गीतांजलीने भिंग मागून घेतलं आणि पदक उजेडात धरलं. पिसं, डोळा, डहाळी, सगळं चित्रातल्यासारखं. पंजापाशी तिची नजर थांबली.

"यशोधन, याला नखं किती आहेत, मोज."

"तीन."

चित्रातल्या मैनेला चार होती. चौथं नख म्हणजे निबातून उतरलेली एक फालतू रेघ. प्रणालीने ती पुसू का म्हणून विचारलं होतं आणि गीतांजलीने नको म्हटलं होतं, जसं आहे तसं ठेव.

तिने हार परत दिला आणि रिक्षा करून सदरला निघाली.

४

शोरूममध्ये एसी इतका होता की तिच्या मानेवरचा घाम गार पडला. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "कुछ शादी के लिए, मॅम?"

"वो चिड़ियावाला हार दिखाइए."

मुलीने तो काढून तिच्या हातावर ठेवला. इथे मोबाइल मध्ये नव्हता, आरसा नव्हता. मैना उजवीकडे पाहत होती. आणि तिच्या पंजाला नखं होती चार. ज्याने तो घडवला त्याने ती फालतू रेघसुद्धा मनापासून सोन्यात उतरवली होती.

बाजूला छोटं कार्ड होतं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ट्रॉपिकल कलेक्शन. खाली शोरूमचं नाव.

"डिज़ाइन किसका है?"

"हमारी अवंती मॅम देखती हैं सब. वही लाई थीं."

अवंती. गीतांजलीने हे नाव कुठेतरी ऐकलं होतं, पण कुठे ते आठवेना. पाय दुखत होते. ती बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाडीजवळच्या बाकावर बसली. चार नखांचा अर्थ तिला लागला होता: हार चित्रावरून घडला होता, चित्र हातात धरून. दिवाकरने आयुष्यात एकदाच ही मैना घडवली, आणि तेव्हा ती चौथी रेघ चूक म्हणून सोडून दिली. त्याने आठवणीतून पुन्हा काढली असती तर तीनच नखं काढली असती.

दिवाकर सुटला होता. हे त्याला सांगावं, म्हणून ती उठली.

५

दिवाकर खरवडेंचं घर घमापुरातच, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. हातांना काही काम नव्हतं, म्हणून ते गुडघ्यांवर पालथे ठेवलेले.

"या मॅडम. तुम्ही काहून त्रास घेतला?"

"त्रास कसला, रस्त्यावरच तर आहे. दिवाकरभाऊ, तुम्ही शालिग्रामभाऊंना काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? त्यांचं दुकान. त्यांनी नको म्हटलं, मी आलो."

"तो हार पाहिलात तुम्ही? शोरूममधला?"

"नाही. पाहायला जायचंही नाही. परवा भाऊ माझ्या बैठकीपाशी आले, म्हणाले, तुझी मैना विकलीस. मी चपला घातल्या."

"मी आत्ता पाहून आले. तुम्ही नाही केलं ते. मी तसं लिहून देऊ शकते."

त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी उलट मान हलवली. "मॅडम, एक ऐका माझं. हा शोध सोडून द्या. माझे डोळे तसेही जाऊन राहिले. दोन वर्षांनी घरी बसणार होतो, आता बसलो. कुणाचं काही बिघडत नाही."

"तक्रार झाली तर पोलीस तुमच्या दारी येतील."

"येऊ द्या. मी उजवीकडे पाहणारी मैना कधी घडवली नाही, एवढंच सांगेन." मग त्यांनी विचारलं, "बेबीताई बऱ्या आहेत ना?"

गीतांजलीने चहा घेतला, निरोप घेतला. गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि तिथेच उभी राहिली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी तिला कळलं नाही.

शालिग्रामभाऊंना ती मैना उलटी आहे हे दिसलं नव्हतं. ते फक्त "ही मैना" म्हणाले होते. दिवाकरभाऊंनी हार पाहिला नव्हता. मग ती उजवीकडे पाहते हे त्यांना कुणी सांगितलं?

६

बेबीताई खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या. त्रेसष्ट वर्षांच्या, काटक, केस अजून अर्धे काळे. गीतांजलीला पाहून त्यांनी परात बाजूला सारली.

"ये. दमलेली दिसून राहिली. पाठ कशी आहे?"

"आहे तशीच." गीतांजली खाली जाजमावरच बसली, पाठ भिंतीला टेकवून. एरवी ती आधी इकडचं तिकडचं बोलली असती. आज तेवढं बळ नव्हतं. "ताई, मी तुम्हाला एक प्रिंट दिला होता. मैनेचा. तो आहे का?"

बेबीताईंनी फडताळाकडे पाहिलं.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. शोरूममधल्या मैनेला चौथं नख आहे, म्हणजे ती चित्रावरून झाली, दिवाकरभाऊंच्या हातातून नाही. चित्रं कुणाकडे होती? प्रणालीकडे, यशोधनकडे. पण त्यांच्याकडे तर पूर्ण संग्रह होता. शेकडो चित्रं हातात असताना कुणी एकच का देईल? आणि सरळ चित्र जवळ असताना उलटं का देईल? भाऊ म्हणतील, ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम उलटवलं. पण ज्याला लपवायचं असतं तो पिसनपीस तसंच ठेवत नाही. म्हणजे ज्याने दिलं त्याच्याजवळ एकच चित्र होतं, आणि ते उलटं होतं. माझ्या पहिल्या दिवसाच्या चुकीचं. त्याचा कागद मी एकच काढला, ताई. तो तुम्हाला दिला."

बाहेर मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत दोघी थांबल्या.

"आणि अवंती हे नाव मी इथेच ऐकलं होतं," गीतांजली म्हणाली. "तुमच्याकडे चित्रकला शिकायला यायची ती मुलगी."

"हुशार होती," बेबीताई म्हणाल्या. "संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली होती. कागद इथेच होता, या फडताळावर."

"तुम्हाला त्या दिवशीच दिसलं असेल, चित्र उलटं आलंय ते."

"मी काढलेली आहे ती. मला नाही दिसणार? दिवाकर रविवारी आला, त्यालाही दिसलं. म्हणाला, ताई, मॅडमना सांगा. मी म्हटलं, नाही सांगत." त्यांनी परातीतली एक काडी उचलून मोडली. "सरळ मैना शालिग्रामची. त्याच्या दुकानाची, त्याच्या बायकोच्या गळ्यातली. मी अठरा वर्षं चित्रं काढली, गीतांजली. दुकानाच्या एका पाटीवर, एका डबीवर माझं नाव नाही. दिवाळीनंतर त्याने पत्रिकेचा मजकूर लिहिला. मला वाचून दाखवला. 'उंबरकर घराण्याचा वारसा.' घराणं म्हणजे कोण? मी नाही का त्यात? मग ही उलटी माझ्या हाती आली. मला वाटलं, ही कुणाचीच नाही. हिच्यावर कुणाचा हक्क नाही. ही माझी. अवंती म्हणाली, ताई, खाली तुमचं नाव टाकायला लावते. मी देऊन टाकली. दिवाकरला तेवढं सांगितलं होतं."

गीतांजलीने डोळे मिटले. पुढचं सांगणं तिच्यावर आलं होतं आणि ते तिला नको होतं.

"आहे का?" बेबीताईंनी विचारलं. "तू पाहून आलीस ना. नाव आहे माझं?"

"नाही ताई. ट्रॉपिकल कलेक्शन लिहिलंय. खाली शोरूमचं नाव."

बेबीताईंनी परात पुन्हा ओढून घेतली. दोनचार काड्या निवडल्या. हात थांबले.

"त्याचा अर्थ काय होतो?"

"गरम मुलखातलं काहीतरी."

"अच्छा," बेबीताई म्हणाल्या.

मग गीतांजलीने त्यांना दिवाकरचं सांगितलं, गुंडाळून ठेवलेल्या हातोड्यांचं आणि सोमवारच्या तक्रारीचंही. बेबीताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गेल्या रविवारी दिवाकर नेहमीसारखा येऊन बसला होता. हे सगळं घडलं ते त्यानंतर. त्या उठल्या, आत गेल्या, आणि साडी बदलून बाहेर आल्या.

"रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि तू बोलू नको. मी बोलते."

७

दुकानात गिऱ्हाईक होतं. बेबीताई ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. कितीतरी वर्षांनी त्या दुकानात आल्या होत्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, भावाच्या तोंडाकडे पाहत, जराही न अडखळता. यशोधन तिजोरीपाशी उभा राहून ऐकत होता.

शालिग्रामभाऊ पुष्कळ वेळ गादीवरची घडी सरळ करत राहिले. "मला मागितलं असतंस तर..."

"काय दिलं असतंस?"

"नाव टाकलं असतं. त्यात काय मोठं? तू कधी बोलली नाहीस."

"दिवाकरही कधी काही बोलला नाही. त्याला काय दिलंस?"

पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवरच होता. यशोधनने तो उचलून बाकाखाली ठेवला आणि वडिलांना विचारल्याशिवाय म्हणाला, "ये फिर से छपेगा."

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. गीतांजलीला वाटलं आता पोराला झापतात. पण त्यांनी नुसती टोपी घातली. "गाडी काढ. घमापुरला जायचं आहे."

बेबीताईही निघाल्या. गीतांजलीने त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि तिचंही घर त्याच वाटेवर, म्हणून ती शेजारी बसली. भाजीबाजाराच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा भाऊ उतरून पायीच पुढे गेले. बाकीचे मागून पोचले तेव्हा ते दिवाकरच्या दारात उभे होते. दिवाकर खुर्ची रिकामी करून द्यायला उठले होते आणि भाऊ बसत नव्हते.

"माझं चुकलं दिवाकर," भाऊ म्हणत होते. "लोकांसमोर बोललो. दुकानातही तसंच सांगेन, लोकांसमोर. उद्या ये."

दिवाकरची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे बेबीताईंकडे गेली. "ताई, तुम्ही काहून सांगितलं?" ते म्हणाले. "मी बसलो होतो ना घरी."

"तुला विचारून सांगायचं होतं का?" बेबीताई म्हणाल्या, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर स्वतः बसल्या.

"उद्या येशील ना?" भाऊंनी पुन्हा विचारलं.

दिवाकरने आतून आणखी एक स्टूल आणलं, पदराने पुसावं तसं खांद्यावरच्या पंच्याने पुसलं आणि भाऊंसमोर ठेवलं.

"उद्या नाही," ते म्हणाले. "परवा येतो. तुम्ही बोललात तेव्हापासून झोप नाही मला. उद्या जरा झोपू द्या."